गैरहजर आणि शून्य

लायब्ररी म्हटले की आम्हां मराठीच्या मास्तरांच्या डोळ्यांपुढे कपाटे, वाळवी आणि ‘शांतता राखा’ ही पाटी उभी राहते. संगणकवाल्यांची लायब्ररी निराळी. तीत पुस्तके नसतात. कुणीतरी एकदा लिहून ठेवलेल्या आज्ञा असतात, आणि इतरांनी त्या हव्या तेव्हा कामाला लावायच्या. निकालांची चिरफाड करायला हल्ली सर्रास वापरतात, तिचे नाव पांडाज. पायथॉन भाषेतली ही लायब्ररी वेस मॅकिनी या अमेरिकन गृहस्थाने २००८ साली लिहायला घेतली, तीही गुणपत्रकांसाठी नव्हे, गुंतवणुकीच्या हिशेबांसाठी. पांडाज हे नाव ‘पॅनेल डेटा’ या शब्दांवरून आले, आणि पायथॉन हे एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून. अस्वल नाही आणि अजगरही नाही!

आता पाच विद्यार्थी घ्या. चौघांचे गुण ७२, ६८, ६४ आणि ३६. पाचवा गैरहजर, त्याच्यापुढे ‘एबी’. रकान्यात अशी अक्षरे आली की सरासरी निघत नाही. मग पांडाजला सांगावे लागते, बाई, अंक नसेल तेथे जागा रिकामी धर. एवढे सांगितले की सरासरी येते ६०, कारण रिकामी जागा ती मोजतच नाही. त्याच जागी शून्य भरले तर सरासरी ४८.

खरी गंमत पुढे आहे. त्याच रकान्याला विचारा, चाळीस किंवा अधिक गुण किती जणांना? नेहमीच्या मांडणीत रिकाम्या जागेची चाळिसाशी तुलना केली की उत्तर ‘नाही’ असे येते. त्यावरून टक्केवारी काढाल तर उत्तीर्ण ६० टक्के. परीक्षेला बसलेल्यांपुरते पाहाल तर ७५. म्हणजे सरासरीच्या वेळी जो वर्गातच नव्हता, तो टक्केवारीच्या वेळी नापासांच्या बाकावर जाऊन बसतो. आणि यंत्र चकार शब्द काढत नाही! विद्यार्थ्याला निदान आपण हाक मारून विचारतो.

आमच्याकडे निकालाच्या बैठकीत यावरूनच जुंपली. संख्याशास्त्राचे तरुण सर तक्ता करून घेऊन आले होते. एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, “रिकामे रकाने बरे दिसत नाहीत, शून्ये घाला.” दुसऱ्यांना उत्तीर्णांचा आकडा फुगलेला हवा होता, ते म्हणाले, “सर, ती नावेच गाळा ना!” संख्याशास्त्राचे सर बिचारे दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिले. लायब्ररीला दोन्ही करता येते, एकेका ओळीत.

मला मात्र ते दोन्ही पटेना. माझ्या वर्गातली दोन मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली होती. शून्य म्हणजे पेपर लिहिला आणि काहीच आले नाही. त्यांनी तर पेपर पाहिलाच नव्हता. मराठीत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत, मग तक्त्यात दोन रकाने का नकोत? मी तसे म्हणालो, जरा चढ्या आवाजातच.

शेवटी सरांनी गैरहजरांचा निराळा रकाना काढला. तक्ता दुसऱ्या पानावर गेला, म्हणून कार्यालयाने कुरकुर केली. प्राचार्यांनी मात्र तो रकाना पाहताच विचारले, “ही एवढी मुले गेली कुठे?” मला दोघांची माहिती होती, ती मी दिली. उरलेल्यांची यादी सध्या माझ्या टेबलावर आहे.