‘आवडले’ यापुढचा प्रश्न

मराठी सुशिक्षित घरात चार नातलग जमले, की आजारपणे, मुलांच्या परीक्षा आणि जागांचे भाव यांची उजळणी झाल्यावर केव्हातरी पुस्तकांचा विषय निघतोच. कुणी ‘छावा’ नुकतीच संपविलेली असते, कुणी ‘पानिपत’ दुसऱ्यांदा हाती घेतलेली असते, एखादी मावशी कर्णाविषयी बोलताना आजही गहिवरते. अभिप्राय थोडक्यात दिले जातात. ‘एका बैठकीत संपविली’, ‘अंगावर काटा आला’, ‘पहिली पन्नास पाने नेटाने वाचा, मग पुस्तक खाली ठेववत नाही’. समीक्षकांना हे अभिप्राय भाबडे वाटतात. वाटोत. याच देवघेवीतून मराठी पुस्तक एका घरातून दुसऱ्या घरात गेले आहे. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ साली प्रसिद्ध झाली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण पिढ्यानुपिढ्या तिला वाचक लाभले ते पुरस्कारापेक्षा आत्याने भाचीला ‘वाचून बघ’ असे म्हटल्यामुळे.

तेव्हा या गप्पांविषयी तक्रार असण्याचे कारण नाही. त्या जेथे थांबतात, ती जागा मात्र तपासून पाहण्यासारखी आहे.

शिवाजी सावंत यांच्या ‘छावा’ या १९७९ सालच्या कादंबरीवर आधारित चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झाला आणि कित्येक घरांतील कपाटांत मागच्या रांगेत गेलेली ती जाडजूड कादंबरी पुन्हा पुढे आली. प्रदर्शनापूर्वीच लेझीमनृत्याच्या दृश्यावर आक्षेप घेतला गेला आणि ते दृश्य वगळण्यात आले. प्रदर्शनानंतर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांना फितूर ठरविल्याबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली. दिग्दर्शकांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. चित्रपटाला आधार होता तो कादंबरीचा. कादंबरीला कशाचा होता, हा प्रश्न मात्र चहाच्या टेबलावर फारसा कुणी विचारला नाही.

तो प्रश्न विचारतात ती मुले. चित्रपट पाहून आलेला सातवीतला नातू जेवताना विचारतो, “आजोबा, हे खरंच असं झालं होतं?” आजोबांनी कादंबरी तीनदा वाचलेली असते. “अरे, पुस्तकात लिहिलंय ना!” असे उत्तर ते देतात आणि पोळीचा पुढचा घास घेतात. आजोबांची श्रद्धा सच्ची आहे, पुस्तकही चांगले आहे. परंतु हे उत्तर संभाजीराजांच्या बाबतीत जितके महाग पडले, तितके दुसऱ्या कोणाच्याही बाबतीत पडले नसेल.

कारण संभाजीराजांची बदनामीसुद्धा ‘पुस्तकात लिहिलंय’ याच बळावर झाली. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी, म्हणजे राजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी सिद्ध झाली. ज्या बाळाजी आवजी चिटणीसांना संभाजीराजांनी देहदंड दिला, त्यांच्याच वंशातील हा बखरकार. घराण्याच्या मनातील सल लेखणीत उतरली असेल तर ते मनुष्यस्वभावाला धरूनच म्हणावे लागेल. पण वाचकांनी तो मजकूर प्रमाण मानला. बखरीतून तो नाटकांत गेला, नाटकांतून कादंबऱ्यांत आणि तेथून लोकांच्या बोलण्यात. शिवछत्रपतींचा पुत्र म्हणजे व्यसनी, विलासी, राज्य बुडविणारा राजपुत्र, हे चित्र महाराष्ट्राने स्वतःच्या हाताने रंगविले आणि पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर टांगून ठेवले. प्रेक्षक टाळ्या देत होते, वाचक हळहळत होते. तेव्हाही पुष्कळांच्या अंगावर काटा आलाच असेल.

हे चित्र पुसले ते वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी. शिवरायांचे अस्सल चित्र महाराष्ट्रापुढे आणणारे हेच ते बेंद्रे. अनेक वर्षे देशविदेशांतील दप्तरे आणि समकालीन कागद धुंडाळून त्यांनी संभाजीराजांचे चरित्र लिहिले. ते १९६० साली प्रसिद्ध झाले. पुढे डॉ. कमल गोखले यांच्या ‘शिवपुत्र संभाजी’ या ग्रंथाने त्या कार्याला बळ दिले. चारी बाजूंनी शत्रू असता आठ-नऊ वर्षे राज्य राखणारा, ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ ज्याच्या नावावर आहे असा, आणि मार्च १६८९ मध्ये अनन्वित छळ सोसून मृत्यूला सामोरा गेलेला राजा पुराव्यानिशी उभा राहिला, तेव्हा कोठे ‘छावा’सारख्या कादंबरीला पाय टेकायला भूमी मिळाली. सावंतांच्या भाषेचे सामर्थ्य वादातीत आहे. त्यांनी राजाला घराघरांत नेले, हे ऋण मान्यच केले पाहिजे. पण भूमी बेंद्र्यांची आहे, आणि बेंद्र्यांचा ग्रंथ कादंबरीच्या तुलनेत किती घरांत आढळतो?

कर्णाचे उदाहरण याहून नाजूक आहे, कारण तेथे वाचकाचे प्रेम अधिक आहे. ‘मृत्युंजय’ १९६७ सालची. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण अशा निरनिराळ्या मुखांतून कथा सांगण्याची तिची रचना त्या काळी नवीन होती आणि आजही ती पकड घेते. उपेक्षित वीराची वेदना इतक्या तन्मयतेने मराठीत फार थोड्यांनी मांडली असेल. भाषा कधीकधी अलंकारांच्या भाराने वाकते, पण सोळाव्या वर्षी ते जाणवत नाही आणि पन्नाशीत क्षम्य वाटते.

मात्र ‘मृत्युंजय’ वाचून झाल्यावर जी मते दिली जातात ती कादंबरीविषयी नसतात, महाभारताविषयी असतात. भर स्वयंवरात द्रौपदीने सूतपुत्र म्हणून कर्णाचा अपमान केला, ही जणू सिद्ध गोष्ट म्हणून सांगितली जाते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून शेकडो हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ते कार्य १९६६ साली पूर्ण झाले. त्या आवृत्तीने निश्चित केलेल्या संहितेत द्रौपदीचा तो नकार नाही. तो काही हस्तलिखितांतील पाठ आहे, म्हणून तळटीपेत गेला आहे. उलट द्यूतसभेत द्रौपदीला अत्यंत हीन शब्द वापरणारा कर्ण संहितेत आहे. घोषयात्रेत गंधर्वांशी लढताना दुर्योधनाला शत्रूच्या हाती सोडून रणातून निघून गेलेला कर्णही तेथे आहे. घरगुती चर्चेत हे दोन प्रसंग क्वचितच येतात. कर्णाचे दातृत्व आणि शौर्य त्यामुळे खोटे ठरत नाही. व्यासांचा कर्ण अधिक गुंतागुंतीचा आहे, एवढेच. आणि गंमत अशी, की त्याच १९६७ साली इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ही प्रसिद्ध झाले. त्यात कर्णावर स्वतंत्र लेख आहे, भक्तिभावाने नव्हे तर चिकित्सेने लिहिलेला. एकाच वर्षी एकाच महाकाव्यावरची दोन पुस्तके! एकाची पारायणे होतात, दुसऱ्याचे नाव स्पर्धापरीक्षेपुरते पाठ केले जाते.

‘पानिपत’बद्दल थोडे निराळे बोलावे लागेल. विश्वास पाटील यांची ही १९८८ सालची कादंबरी एक मोठे काम करून गेली. सदाशिवरावभाऊ म्हणजे हेकट आणि गर्विष्ठ सेनापती, हा पिढीजात समज तिने अनेकांच्या मनातून काढला. ‘पानिपत झाले’ या शब्दप्रयोगाने खाली जाणारी मान तिने थोडी वर केली. १४ जानेवारी १७६१ चा तो दिवस वर्णिताना तिची गती विलक्षण आहे. परंतु भाऊंची बाजू, आणि अब्दालीविरुद्धच्या त्या झुंजीचा अखिल भारतीय अर्थ, त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी १९४६ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात आधीच मांडला होता. शेजवलकर पेशव्यांवर टीका करतानाही हात आखडता घेत नाहीत. म्हणूनच त्यांनी केलेला गौरव वजनदार ठरतो. नुसता अभिमान जागवणारे पुस्तक पुष्कळदा पहिल्याच प्रतिप्रश्नाला गडबडते. शेजवलकर वाचलेल्या माणसाची तशी अडचण होत नाही.

कादंबरीकारांना यात दोष देण्याचे प्रयोजन नाही. त्यांनी मुखपृष्ठावर ‘कादंबरी’ असेच छापले. देसाईंनी तर ‘श्रीमान योगी’च्या प्रारंभी नरहर कुरुंदकरांचे प्रदीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून छापले. शिवचरित्रातील कठीण प्रश्नांची एवढी रोखठोक छाननी कादंबरीच्या दारातच करू देणे, याला लेखकाचा मोठेपणा लागतो. कुरुंदकरांच्या सर्वच मतांशी सहमत होण्याची आवश्यकता नाही. त्यांची वैचारिक वाट वेगळीच होती. पण ती प्रस्तावना न वाचता थेट पहिल्या प्रकरणाकडे वळणारे वाचक पाहिले, की वाईट वाटते. ‘स्वामी’चेही तसेच. थेऊरचा तो अखेरचा प्रसंग सर्वांना आठवतो, डोळे पाणावतात; पण सोळाव्या वर्षी पेशवेपद घेऊन पानिपतानंतरचे राज्य अकरा वर्षांत सावरणारा माधवराव, राक्षसभुवनला निजामाचा पराभव करणारा माधवराव, गप्पांमध्ये मागे राहतो.

यावर एक नेहमीचा आक्षेप येतो. संशोधनग्रंथ रूक्ष असतात, ते मिळत नाहीत, दिवसभर काम करून आलेल्या माणसाने रात्री दप्तरांचे दाखले वाचायचे काय? आक्षेपात तथ्य आहे. काही ग्रंथांच्या आवृत्त्या दीर्घकाळ निघत नाहीत, आणि त्याची जबाबदारी प्रकाशकांइतकीच ते न मागणाऱ्या वाचकांवरही आहे. गावोगावच्या वाचनालयांत कादंबरीच्या पाच प्रती घेतल्या जातात. त्याच विषयावरच्या ग्रंथाची एक प्रत मागणारा अर्ज समितीपुढे आला तर नाकारला जाईल असे नव्हे. तो येतच नाही. शाळेच्या बक्षीस समारंभासाठी पुस्तके निवडताना, मुंजीत वा वाढदिवसाला पुस्तक देताना, ‘छावा’बरोबर ‘शिवपुत्र संभाजी’ द्यायला कुणाची हरकत आहे?

जाड ग्रंथाची धास्ती वाटणाऱ्यांनी ‘युगान्त’पासून आरंभ करावा. ते लहानसे पुस्तक आहे, भाषा बोलल्यासारखी आहे, आणि मावशींना ते दिले तर कर्णावरून घरात जो वाद होईल तो दोन-तीन रविवार तरी पुरेल.