अमरवेल आणि घासाची रानटी बहीण

लसूणघासाच्या वाफ्यात अमरवेल दिसली की शेतकऱ्याचा चेहरा पडतो. परवा मी अशाच एका वाफ्यात उकिडवा बसलो होतो. ना पान, ना मूळ, नुसता पिवळ्या दोऱ्यांचा गुंता. एक दोरा ओढला तर घासाची काडीच हातात आली. जागोजागी शोषकं रुतवून तो तिचा रस पीत होता. तुटलेला तुकडा शेजारच्या काडीवर पडला, तर तिथंही तो जीव धरतो. बी टणक, मातीत वर्षानुवर्षं टिकणारं आणि बऱ्याचदा घासाच्या बियाण्यातूनच घरात आलेलं.

आंध्रात भातानंतरच्या उडदावर हीच वेल चढते. तेलुगूत तिला ‘बंगारू तीगलू’, म्हणजे सोन्याच्या तारा म्हणतात.

अशा बांडगुळी तणाशी पीक लढतं कसं, हे घासातच शोधायला गेलं तर गाडी अडते. घासाच्या पेशीत गुणसूत्रांचे चार संच असतात. कुठलं जनुक काय करतं हे सुटं करणं फार जिकिरीचं. पण घासाची एक रानटी बहीण आहे, मेडिकॅगो ट्रंकॅट्युला. चण लहान, दोनच संच, थोड्या महिन्यांत पिढी हातात. स्पेनमधल्या कोर्दोबाच्या संशोधकांनी २००७ मध्ये तिच्या मुळांवर बाकल्याचा शत्रू ओरोबँकी, हे मुळावरचं बांडगुळी तण, सोडलं. निपाणीच्या तंबाखूतला बंबाखू याच कुळातला. मेडिकॅगोच्या एका वाणानं त्याला गाठ धरण्याआधीच रोखलं, दुसऱ्यात गाठ धरली आणि मग काळी पडून मेली. म्हणजे बचावाच्या निदान दोन फळ्या आहेत. असं काही तुरीत शोधायचं, तर नुसतं पीक निघायलाच सहा महिने जातात.

अर्थात बंबाखू मुळावर बसतो, अमरवेल खोडावर. कोर्दोबाचं उत्तर उचलून उडदाला लावता येणार नाही. अमरवेलीवर वेगळं काम हवं. त्यासाठी हैदराबादजवळच्या पटणचेरूइतकी योग्य जागा मला दिसत नाही. १९७२ पासून तिथं इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवरची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. ज्वारीवरच्या टारफुला या बांडगुळी तणाशी ती लढली. तुरीचा जनुकीय आराखडा तिच्याच पुढाकारानं २०१२ मध्ये छापून आला, हरभऱ्याचा २०१३ मध्ये. आराखडे हाताशी आहेत. मेडिकॅगो या रानटी रोपात अमरवेलीला अडवणारं जनुक सापडलं, तर त्याचा जोडीदार तुरीत, हरभऱ्यात कुठं बसलाय ते ताडून पाहता येईल.

‘रानटी रोपावर पैसे कशाला?’ असं विचारणाऱ्यांना मी त्या वाफ्यावर घेऊन जाईन. वेल चढलेला घास मुळापासून उपटून बांधावर जाळणं, एवढाच इलाज तिथं आज चालू आहे.