मोडलेल्या घरातला संवाद

घरात भांडण नाही म्हणजे सारे क्षेम आहे, असे आपण सहज धरून चालतो. इंगमार बर्गमन यांच्या 'विवाहातील दृश्ये' या सहा भागांच्या स्वीडिश दूरदर्शन-मालिकेने (१९७३) ही समजूत पार खोटी ठरविली. योहान प्राध्यापक, मारिआन घटस्फोटाची प्रकरणे हाताळणारी वकील. संसार असा, की मासिकवाले मुलाखतीस यावेत! तोच योहान एके दिवशी दुसऱ्या स्त्रीसाठी घर सोडतो. घटस्फोटाच्या कागदांवर सह्या करावयाच्या वेळी तर त्याचा हात तिच्यावर पडतो.

शेवटच्या भागात दोघांची लग्ने अन्यत्र झाली आहेत, तरी ती चोरून भेटतात. दुःस्वप्नाने दचकून उठलेल्या मारिआनला योहान जवळ घेऊन धीर देतो. त्या चोरट्या भेटीचे समर्थन आम्ही करणार नाही. पण मनातले भय एकमेकांस सांगण्याचे हे मोकळेपण त्यांच्या दहा वर्षांच्या संसारात कोठे होते?

वाचकहो, भांडणाच्या धास्तीने आपणही कितीतरी शब्द गिळतो. ते वेळीच, सौम्यपणे बोलावेत. घर उभे असताना झालेले बोलणेच घराच्या उपयोगी पडते.