चराई डोंगरावर, भुर्दंड नदीकाठी

सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस रेणापूर तालुक्यातील घनसरगाव बंधाऱ्यावर अडकलेल्या तिघांची सुटका हेलिकॉप्टरने करावी लागली. रेणा आणि मांजरा या नद्यांनी त्या दिवसांत काठची सोयाबीन बुडविली. अनेक ठिकाणी पिकाबरोबर मातीही गेली. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच जिल्ह्याची ही अवस्था! महापुराची चर्चा आपल्याकडे धरणाचे दरवाजे केव्हा उघडले एवढ्यापुरतीच होते. पाणी जिथून आले त्या बालाघाटाच्या उतारांचा विचार सहसा होत नाही.

दोन-तीन दिवस अतिवृष्टी झाली, तर गवताने झाकलेला डोंगरही सारे पाणी जिरवू शकत नाही. तेव्हा महापुराचे खापर गुराख्याच्या माथी फोडणे अशास्त्रीय ठरेल. चराईचा परिणाम एखाद्या वर्षात दिसत नाही, तो दशकानुदशके साचत जातो. काळ्या पाषाणावर मुरूम आणि त्यावर वीतभर माती, एवढेच या उतारांचे भांडवल. उन्हाळाभर मुळापर्यंत कुरतडलेल्या आणि खुरांनी दडपलेल्या जमिनीवर मृगाची पहिली सर कोसळते, तेव्हा पाणी आत मुरण्याऐवजी वरून धावते. कोंब फुटतो न फुटतो तोच खाल्ला जातो. गवताला बी धरण्याची सवड मिळत नाही. आधी मारवेल, पवन्या यांसारखी चांगली गवते जातात, मग कुसळी माजते आणि अखेर जनावर ज्याला तोंड लावत नाही असा तरवड तेवढा पिवळा फुलून उभा राहतो. (प्रवाशांना तो मोठा शोभिवंत वाटतो.) वाहून गेलेली माती नदीच्या पात्रात आणि प्रकल्पांच्या तळाशी बसते. पात्र उथळ झाले की पूर्वी त्यात मावणारे पाणी शेतात शिरते.

जनावरे डोंगरावर जातात ती कोणाच्या हौसेखातर नव्हे. लातूरच्या शिवारात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, तेव्हा धान्याच्या भावाचा हिशेब झाला. कडब्याचा कोणी मांडला नाही. गायराने अतिक्रमणांनी आणि सरकारी बांधकामांनी आक्रसली. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांच्या दरम्यान राज्यातील गोधन घटले, पण शेळ्या सुमारे ८४ लाखांवरून १ कोटी ६ लाखांवर गेल्या. ज्याला जमीन नाही आणि बँक दारात उभी करीत नाही, त्याची ठेव म्हणजे उस्मानाबादी शेळी. पोरीचे लग्न असो की दवाखाना, तीच मोडली जाते. नुसत्या फर्मानाने चराईबंदी केली तर पहिला घाव याच माणसावर बसेल, आणि तो रात्रीच्या अंधारात कळप डोंगरावर नेईल.

प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. चराईचा लाभ कळपवाल्याच्या पदरात पडतो, नुकसान मात्र दहा कोसांवरच्या अनोळखी शेतकऱ्याला सोसावे लागते. समाईक कुरण अखेर उजाड होणारच, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले. लोक आपसांत नियम करून ते राखू शकतात, हे दाखविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या देशात याचा पडताळा त्यापूर्वीच आला होता. चंदीगडचा १९५८ साली बांधलेला सुखना तलाव पंधरा-सोळा वर्षांत निम्म्याहून अधिक गाळाने भरला. पी. आर. मिश्रा यांनी गाळाचा माग काढला, तो शिवालिक टेकड्यांतील सुखोमाजरी या गावच्या उघड्या, चरून संपलेल्या उतारांपर्यंत पोहोचला. तेथे १९७६ मध्ये छोटा मातीचा बंधारा झाला आणि त्याच्या पाण्यात भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला वाटा मिळाला. मोबदल्यात गावाने कळप टेकडीवरून काढले. शेळ्या घटल्या, म्हशी वाढल्या आणि तलावाकडे जाणारा गाळ पुष्कळ कमी झाला. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारनेही १९९० च्या दशकात चराई बंद केली. मात्र विळ्याने गवत कापून नेण्याची मुभा ठेवली. बंदी टिकली ती या मुभेमुळे, असे माझे मत आहे. दुर्दैवाने त्या गावाचे अनुकरण करणारे बंदी तेवढी उचलतात.

शासनाने २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत जलाशयांतील गाळ उपसण्यावर पैसा खर्च केला. माती एकदा खाली आल्यावर ती उपसणाऱ्या यंत्राच्या इंधनाला निधी आहे; ती वरच राखणाऱ्या गावाला छदामही नाही! रेणा मध्यम प्रकल्पाच्या वरच्या अंगाला जी गावे जून ते ऑक्टोबर डोंगर बंद ठेवतील, त्यांना या खर्चातील अंश वर्षासनासारखा द्यावा. त्या काळात भूमिहीनांच्या शेळ्यांना पाला आणि चारा पुरविण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची असावी. पुढे कापणीला आलेल्या गवतावर पहिला हक्क त्यांचाच राहावा. उरलेले मोठ्या शेतकऱ्यांनी विकत घ्यावे. आज गवताचा लिलाव होतो तेथे बोली लावण्याची ऐपत नेमकी त्यांचीच नसते.