पोर्टलवर चढले, मालकाला कळले नाही

वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ७३ खाली, म्हणजे फसवणुकीचा आरोप नसलेल्या परंतु कर कमी भरला गेल्याचे खात्याचे म्हणणे असलेल्या प्रकरणांत, २०२१-२२ या आर्थिक वर्षाचे आदेश काढण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपली. मुदत टोकाला आली की आदेशांची घाई उडते, हे या व्यवसायातील कोणालाही नव्याने सांगण्याची गरज नाही. मात्र सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर डिसेंबरचा शेवटचा आठवडा असा असतो की मालवण, तारकर्ली, देवबाग आणि वेंगुर्ला येथील लॉजमालक, खानावळवाले व होडीवाले यांना जेवायला सवड मिळत नाही, मग पोर्टल उघडून पाहणे दूरच राहिले. अशा आदेशाविरुद्ध कलम १०७ प्रमाणे तीन महिन्यांत अपील दाखल करावे लागते, सबळ कारण दाखवल्यास आणखी एक महिना मिळतो, आणि तोही उलटला की उशीर माफ करण्याचा अधिकार अपील अधिकाऱ्याकडे उरतच नाही. डिसेंबरअखेर निघालेल्या आदेशाची मुदत याप्रमाणे मार्चअखेरीस भरते, त्यानंतर कलम ७९ खालील वसुली सुरू होऊ शकते, आणि आदेश निघाला होता हे मालकाला कित्येकदा बँकेने खाते गोठवल्यावरच समजते.

खात्याच्या लेखी मात्र त्याला कळवलेले असते. कलम १६९ मध्ये बजावणीचे, म्हणजे आदेश संबंधिताकडे रीतसर पोहोचवण्याचे, अनेक मार्ग दिले आहेत: हाती देणे, नोंदणीकृत वा स्पीड पोस्टाने पाठवणे, ई-मेल, सामाईक पोर्टल, वृत्तपत्रातील जाहिरात आणि अखेरीस दारावर डकवणे. यांपैकी कोणताही एक पुरेसा आहे असा सोयीचा अर्थ घेतला गेला आणि ज्या मार्गाला टपालखर्चही लागत नाही व शिपाईही लागत नाही तोच सर्वत्र चालू झाला. त्यातही पोर्टलवर ‘सूचना व आदेश’ असा एक खण आणि ‘अतिरिक्त सूचना व आदेश’ असा दुसरा, भलत्याच ठिकाणी दडवलेला खण, अशी रचना कित्येक वर्षे होती. कारणे दाखवा नोटीस दुसऱ्या खणात पडायची, सल्लागार पहिला खण पाहून निश्चिंत व्हायचा आणि एकतर्फी आदेश निघायचा. प्रकरणे न्यायालयांत गेल्यानंतर, जानेवारी २०२४ मध्ये, दोन्ही खण एका मथळ्याखाली आणण्यात आले. तोवर ज्यांचे नुकसान झाले ते झाले. करदाता उत्तर देत नाही हे दिसत असतानाही त्याच पोर्टलवर स्मरणपत्रांमागून स्मरणपत्रे चढवत राहणे हा केवळ सोपस्कार आहे, अधिकाऱ्याने दुसरा मार्ग अवलंबून पाहायला हवा, अशी भूमिका मद्रास उच्च न्यायालयाने अनेक प्रकरणांत घेतली आणि असे आदेश रद्द करून, बहुधा वादग्रस्त कराचा काही भाग भरण्याच्या अटीवर, पुन्हा सुनावणीसाठी पाठवले. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाल्याने सिंधुदुर्गाच्या करदात्याचा मुंबईचा फेरा वाचला हे खरे, परंतु चाळीस-पन्नास हजारांच्या मागणीसाठी रिट याचिका दाखल करण्याइतका दम कोणत्या खानावळवाल्याच्या गल्ल्यात असतो, याचा विचार पोर्टल हाच पत्ता मानणाऱ्यांनी कधीतरी करावा.

खात्याला बोल लावून हा विषय संपला असता तर संपादकीयाची गरज नव्हती. नोंदणीच्या वेळी पोर्टलवर जो मोबाइल क्रमांक आणि ई-मेल पत्ता नोंदवला जातो तो जिल्ह्यातील असंख्य प्रकरणांत करदात्याचा नसून कर सल्लागाराचा, किंबहुना त्याच्या कार्यालयातील एखाद्या मुलाचा असतो, ही गोष्ट या व्यवसायातील प्रत्येकाला ठाऊक आहे आणि सभांमध्ये कोणी उच्चारत नाही. त्यामागील कारण समजण्यासारखे आहे: २० तारखेला विवरणपत्र भरताना ओटीपी मागण्यासाठी समुद्रात गेलेल्या माणसाला फोन लावत बसणे शक्य नसते. परंतु या सोयीची किंमत अशी की नोटीस आल्याचा संदेश सल्लागाराच्या फोनवर, इतर शंभर अशिलांच्या संदेशांच्या ढिगात येऊन पडतो, कार्यालयातील मुलगा नोकरी सोडून गोव्याला गेला की त्याच्याबरोबर तो क्रमांकही जातो, आणि करदात्याला कायद्याने ‘बजावलेला’ आदेश प्रत्यक्षात कोणाच्याच वाचनात येत नाही. कायद्यातील दायित्व ज्याचे आहे त्याच्याच हातात सूचना न पडण्याची व्यवस्था खात्याने अर्धी केली आणि उरलेली अर्धी सल्लागारांनी पुरी केली, असे म्हणणे कटू असले तरी चूक नाही.

सूचनेचा हा तुटलेला दुवा नोटिशीपुरता नाही. कायद्यातील बदल कळवण्याच्या बाबतीतही तो तितकाच तुटलेला आहे, याची साक्ष गेल्या सप्टेंबरने दिली. जीएसटी परिषदेने दरांची फेररचना ३ सप्टेंबर २०२५ रोजी जाहीर केली तेव्हा कोकणात गणपती बसलेले होते. आयकर विवरणपत्रांची आधीच वाढवलेली मुदत १५ सप्टेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास अवघ्या एका दिवसाने पुन्हा वाढवण्यात आली. दरांच्या अधिसूचना १७ तारखेला निघाल्या. २० तारखेला मासिक विवरणपत्रांचा दिवस होता. आणि २२ तारखेला, घटस्थापनेला, नवे दर लागू झाले. ज्याने कोणी हे वेळापत्रक ठरवले त्याने आयुष्यात एकदाही दुसऱ्याचे विवरणपत्र भरलेले नसावे.

या फेररचनेत किनाऱ्याशी थेट संबंध असलेला बदल खोल्यांच्या भाड्याचा होता. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, परंतु त्याबरोबर इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर विक्रीवरील करातून वळता करून घेण्याची सोय, गेली. १८ टक्के लावून क्रेडिट घेण्याचा पर्यायही ठेवलेला नाही. २,५०० रुपयांच्या खोलीचे बिल २,८०० वरून २,६२५ वर आले, पाहुण्याचे १७५ रुपये वाचले, एवढेच बहुतेक मालकांना कळले. ऑनलाइन बुकिंग करून देणाऱ्या कंपनीचे कमिशन समजा १५ टक्के, म्हणजे ३७५ रुपये असेल, तर त्यावरील १८ टक्के दराचे ६७ रुपये ५० पैसे पूर्वी वळते होत होते आणि आता ते मालकाच्या खिशातून जातात. वातानुकूलन यंत्र, गाद्या, रंगकाम यांवरील कराचेही तेच. हा हिशेब मालकापुढे कागदावर मांडून, हंगामाआधी भाडे ठरवताना तो जमेस धरायला सांगणारे सल्लागार किती होते?

दिवाळीच्या आगाऊ बुकिंगचा घोळ तर टाळता येण्याजोगा होता. ऑगस्टमध्ये आगाऊ रक्कम १२ टक्के करासह घेतली, पावती दिली पण कर-बीजक दिले नाही, आणि पाहुणा ऑक्टोबरात येऊन राहिला, अशा व्यवहाराला दर बदलाच्या वेळचे कलम १४ लागते. सेवा आणि बीजक दोन्ही बदलानंतरची असतील तर पैसे आधी आले तरी करदेयतेचा क्षण बीजकाच्या तारखेचा ठरतो आणि दर ५ टक्के लागतो. याउलट बीजकही आणि पैसेही बदलापूर्वीचे असतील तर जुना दर राहतो. चार ओळींचा मराठी निरोप पुरला असता. अनेकांनी त्याऐवजी राजपत्राच्या इंग्रजी पीडीएफ व्हॉट्सॲपवर पुढे ढकलल्या आणि अशिलाला कळवल्याचे समाधान मानले, जे पोर्टलवर आदेश चढवून मोकळ्या होणाऱ्या अधिकाऱ्याच्या समाधानापेक्षा वेगळे नाही.

आणखी एक बाब अशी आहे की तिचा परिणाम अजून दिसायचा आहे. १ एप्रिल २०२५ पासून ‘निर्दिष्ट जागा’ ही संज्ञा नव्या अर्थाने लागू झाली असून, ज्या हॉटेलात मागील आर्थिक वर्षात एखाद्याही खोलीचे एका दिवसाचे प्रत्यक्ष मूल्य ७,५०० रुपयांच्या वर गेले असेल, त्या हॉटेलातील उपाहारगृहाला पुढील संपूर्ण वर्ष ५ ऐवजी, क्रेडिटसह, १८ टक्के दर लागतो. तारकर्लीच्या एखाद्या रिसॉर्टने नुकत्याच गेलेल्या ३१ डिसेंबरच्या रात्री समुद्राकडची एक खोली ७,६०० रुपयांना दिली असेल, तर १ एप्रिल २०२६ पासून तेथील ४०० रुपयांच्या सुरमई थाळीवर २० ऐवजी ७२ रुपये कर आकारावा लागेल, आणि शेजारच्या स्वतंत्र खानावळीत तीच थाळी ५ टक्क्यांतच मिळेल. शंभर रुपये जास्त घेण्यापूर्वी हे सांगणे हे सल्लागाराचे काम होते. ज्यांना अजून सांगितले नाही त्यांना निदान मेन्यूकार्ड छापण्याआधी सांगावे.

आयकराच्या बाजूला कलम १९४टी चा उल्लेख पुरे. भागीदारी संस्थेने भागीदाराला वर्षभरात २०,००० रुपयांहून अधिक वेतन, कमिशन वा व्याज दिले किंवा त्याच्या खात्यावर जमा केले तर त्यातून १० टक्के करकपात करण्याचे बंधन १ एप्रिल २०२५ पासून आहे, आणि जिल्ह्यातील घरगुती भागीदारीत चालणाऱ्या काजू कारखान्यांपैकी व हॉटेलांपैकी किती संस्थांकडे करकपातीसाठी लागणारा टॅन क्रमांक तरी आहे, हे प्रत्येक सल्लागाराने आपापल्या यादीवरून ताडून पाहावे. नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंत कर पडत नाही म्हणून विवरणपत्रच नको, असे समजून बसलेल्या निवास-न्याहारीवाल्यांनाही सवलत आणि मूळ सूट यांतील फरक सांगावा लागेल: चार लाखांच्या वर उत्पन्न गेले की विवरणपत्र भरणे भागच आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ अमलात येत आहे, ‘कर वर्ष’ ही नवी संज्ञा आणि बदललेले कलमांक त्याबरोबर येतील. २०२५-२६ च्या उत्पन्नाचे विवरणपत्र मात्र जुन्याच कायद्याखाली भरायचे असल्याने जून-जुलैत एकाच टेबलावर दोन कायदे उघडे ठेवून काम करावे लागणार आहे.

खात्याकडे मागणी एकच आहे आणि ती अवाजवी नाही: कलम ७३ वा ७४ खालील अंतिम आदेश स्पीड पोस्टाने व्यवसायाच्या नोंदणीकृत पत्त्यावर गेल्याशिवाय त्याची बजावणी झाली असे मानू नये, आणि मालकाच्या मोबाइलवर त्याची मराठीत सूचना जावी. ही मागणी लेखी, जिल्ह्यातील सर्व तालुक्यांतून, एकत्रितपणे करावी लागेल. चहाच्या टेबलावर ती पुष्कळदा झाली आहे.

परंतु खात्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा मोबाइल आणि ई-मेल बदलण्यासाठी अधिकाऱ्याच्या मंजुरीची गरज लागत नाही, नियम १९ प्रमाणे ऑनलाइन पडताळणी झाली की बदल होतो. तेव्हा प्रत्येक सल्लागाराने आपला क्रमांक काढून मालकाचा क्रमांक नोंदवावा, ओटीपीसाठी महिन्यातून एकदा फोन करण्याचा त्रास सोसावा, आणि कायद्यातील बदल कळवण्याचे शुल्क विवरणपत्राच्या शुल्कापासून वेगळे सांगून निःसंकोच घ्यावे. त्याआधी, याच महिन्यात, प्रत्येक अशिलाच्या नावे पोर्टलवरील दोन्ही खण उघडून ऑक्टोबरपासूनचे आदेश उतरवून घ्यावेत व मालकाच्या सहीने पोच घ्यावी. अपिलासोबत वादग्रस्त कराच्या १० टक्के रक्कम आधी भरावी लागते, आणि किनाऱ्यावरच्या माणसाच्या हाती जानेवारीत हंगामाची रोकड असते. मार्चअखेरीस मागायला गेल्यास ती बँकेचे हप्ते आणि आंब्याच्या कलमांची फवारणी यांत गेलेली असेल.