निवड कसली डोंबलाची!

मंडळी, परवा नातीचा कॉलेजचा फॉर्म भरायला बसले. तिचा विषय संगणकशास्त्र. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी... आमच्या बी.ए.ला एवढी भानगड नव्हती हो! तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला 160.

एक नियम मात्र मला आवडला. ओई, म्हणजे खुला विषय, आपल्या शाखेबाहेरचाच घ्यायचा. पोरगी खूश. ‘आजी, मी अर्थशास्त्र घेणार!’ कॉलेजच्या खिडकीवर उत्तर मिळालं, ‘शिकवायला कोणी नाही. या दोनांतला एक घ्या.’ दोन्ही तिला नको होते. (कॉलेजचं नाव लिहीत नाही, तिला तिथेच शिकायचंय.)

माझे जुने सहकारी म्हणतात, बाई, धोरण नवं आहे, बसेल हळूहळू. अहो, धोरण 2020 चं! 2021 मध्ये क्रेडिटची बँकसुद्धा काढलीत. मग शिकवणारी माणसं का नेमत नाही? नुसती विषयांची यादी लांबवायची म्हणजे मेन्यूकार्ड छापायचं आणि आचारी ठेवायचाच नाही. तुमची घडी बसेपर्यंत हिची तीन वर्षं थांबणार आहेत का?

शेवटच्या तारखेला तिने एकावर खूण केली. अर्थशास्त्राचं पुस्तक मी इथे उरणच्या वाचनालयातून आणलंय. रात्री जेवणं झाली की दोघी वाचतो. क्रेडिट शून्य.