रंकाळ्याचं आधी पाणी, मग काठ

अंबाबाईचं दर्शन झालं की पाहुण्याला संध्याकाळी रंकाळा तलावावर न्यायचं, ही कोल्हापूरकरांची रीत. तिथं दाखवायलाही पुष्कळ आहे. मुळात ही दगडाची खाण. आठव्या-नवव्या शतकात भूकंपानं ती खचली आणि पाण्यानं भरली, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. काठावरचा दगडी संध्यामठ पावसाळ्यात पाणी चढलं की निम्मा बुडतो, उन्हाळ्यात पुन्हा उघडा पडतो. पाणी आणि वास्तू इथं वेगळ्या काढताच येत नाहीत.

काठावरच्याच शालिनी पॅलेसचंही तेच. १९३१ ते १९३४ या काळात आठ लाख रुपये खर्चून उभा राहिलेला हा राजवाडा राजकन्या शालिनीराजे यांच्या नावाचा. काळा दगड, इटालियन संगमरवर, काचांवर कोरलेलं राजचिन्ह आणि माथ्यावर घड्याळाचा मनोरा. १९८७ मध्ये त्याचं हॉटेल झालं, पुढे तेही बंद पडलं. जवळच ‘शालिनी सिनेटोन’ या चित्रपटसंस्थेचा स्टुडिओ होता. बाबूराव पेंटर यांनी १९३६ चा बोलका ‘सावकारी पाश’ याच संस्थेसाठी केला. त्या स्टुडिओची इमारत आता उरलेली नाही. पॅलेसच्या वाट्याला हे येऊ नये.

पण या साऱ्याचा जीव पाण्यात आहे, आणि घाव नेमका तिथंच बसतो. नाल्यांतून येणाऱ्या सांडपाण्याबरोबर नत्र आणि स्फुरद तळ्यात उतरतात. त्यावर केंदाळ पोसतं, बघता बघता पसरतं. त्याखाली ऊन पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे मरतात. मासेच नसले तर खंड्या, टिबुकली, पाणकावळा इथं थांबतील कशाला? केंदाळ काढण्याची मोहीम हवीच. मात्र नाला वाहता ठेवून काढलेलं केंदाळ पुन्हा येणारच, कारण त्याचं बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं.

सुशोभीकरण म्हटलं की आपल्याकडे आधी दिवे, फरसबंदी आणि कमानी आठवतात. ते सगळं डोळ्यांना दिसतं. मलवाहिनी जमिनीखाली असते, तिचं उद्घाटन कुणाच्या लक्षात राहत नाही. रंकाळ्याला मात्र तीच हवी आहे.

कोल्हापूरकरांना हे जमत नाही, असं कुणी म्हणू नये. गणेशमूर्तींचं विसर्जन शेजारच्या इराणी खणीत करण्याचा बदल याच शहरानं स्वीकारला. श्रद्धेच्या बाबतीत एवढी समज दाखवणाऱ्या शहरानं सांडपाण्याचाही हिशेब मागायला हवा. महापालिकेनं रंकाळ्यात येणारा प्रत्येक नाला अडवून त्याचं पाणी शुद्धीकरण केंद्राकडे वळवावं आणि पाण्याच्या तपासणीचे आकडे दर महिन्याला काठावरच फलकावर लावावेत. शासनानं पॅलेस आणि संध्यामठ यांची डागडुजी जाणकारांच्या हाती द्यावी. तोपर्यंत काठावर नवा दगड बसवण्यासाठी एक रुपयाही मंजूर करू नये.